डिस्क कितव्या टक्क्याला अडली?

डिस्क राईट होता होता बिघडली की लोक आधी कोऱ्या डिस्कला शिव्या घालतात, मग रायटर बदलतात आणि तरीही जमलं नाही तर विंडोज नव्याने टाकतात. या सगळ्यात निदान कुठेच नसतं. कुणी मला विचारलं तर मी उलटा एकच प्रश्न करतो: कितव्या टक्क्याला अडली?

ही सवय लागली ती विंडोज एक्सपीच्या काळात, आतेभावाच्या लग्नाच्या डीव्हीडी करताना. टेपवरचं चित्रीकरण कॉम्प्युटरवर घेतलं होतं, नातेवाईक डिस्कची वाट बघत होते. राईट करणं व्यवस्थित सुरू व्हायचं, थोड्या वेळाने बफरचा पट्टा वरखाली नाचायला लागायचा, माउसही अडखळायचा आणि मध्यावर कुठेतरी एरर यायची. दुकानदार म्हणाला, रायटर गेला. नवा बसवला, तर तोही तिथेच अडकला. दोन रायटर एकाच जागी रुसतात म्हटल्यावर दोष त्यांच्या मागच्या वाटेवर असणार, हे उघड होतं.

दोष केबलचा होता. केबल खराब असली की डेटा पोचताना चुका होतात, आणि अशा सहाहून अधिक चुका झाल्या की एक्सपी त्या ड्राइव्हला डीएमए या वेगवान पद्धतीत एकेक पायरी खाली आणतं आणि चुका होतच राहिल्या तर शेवटी पीआयओ या जुन्या, संथ पद्धतीवर उतरवतं, तेही काही न सांगता. पीआयओचा कमाल वेग कागदावर सेकंदाला १६.६ एमबी, तर १६ एक्स वेगाने डीव्हीडी राईट करायला लागतात सुमारे २२. शिवाय हमालीचं काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. २००० सालानंतरच्या बहुतेक रायटरना बफर रिकामा झाला की थांबून पुढे जोडून घेता येतं, त्यामुळे डिस्क लगेच मरत नाही, रखडते. उपाय स्वस्त होता: ८० तारांची नवी केबल, आणि डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनल काढून मशीन पुन्हा सुरू करणं. विंडोज त्याला नव्याने ओळखतं आणि डीएमए परत येतं.

तेव्हा मध्येच अडलं तर डेटा वेळेवर पोचतोय का ते पाहा. सुरुवातीलाच अडलं तर गोष्ट वेगळी. राईट करण्याआधी रायटर डिस्कच्या अगदी आतल्या कडेला लेसरची ताकद अजमावून बघतो. 'पॉवर कॅलिब्रेशन एरर' येते ती इथे. डिस्कचा रंगद्रव्याचा थर त्या रायटरला मानवत नसेल, लेन्सवर धूळ असेल किंवा लेसर थकला असेल. दुसऱ्या कंपनीची डिस्क लावून बघा, वेग कमी करा. पण १६ एक्सची डिस्क १ एक्सने राईट केली म्हणजे ती जास्त चांगली होते, हा निव्वळ गैरसमज. ६ किंवा ८ एक्स पुरे.

लॅपटॉपला लावायचा यूएसबी रायटर असेल तर आधी वीज तपासा. यूएसबी २ च्या एका पोर्टमधून ५०० मिलीअँपिअरच मिळतात. डिस्क वाचायला ते पुरतात, राईट करताना कधीकधी पुरत नाहीत. म्हणून काही रायटरसोबत दोन तोंडांची केबल येते. ती दोन्ही तोंडं लावायची असतात!

शेवटच्या काही टक्क्यांत अडलं, तर डिस्कची बाहेरची कड बघा. डेटा आतून बाहेर लिहिला जातो आणि स्वस्त डिस्कचा थर कडेलाच कच्चा असतो. ४.७ जीबीची डीव्हीडी विंडोजच्या हिशेबात ४.३८ जीबी भरते, मी ४.२ च्या पुढे जात नाही. आणि पट्टा शंभरावर पोचूनही ट्रे बाहेर येत नसेल तर घाई नको. डिस्क बंद करायला वेळ लागतो, आणि बंद न झालेली डिस्क टीव्हीखालचा प्लेयर सहसा वाचत नाही.

एक चकवा मात्र टक्क्यांत दिसत नाही. हार्ड डिस्कचा भाग एफएटी ३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिथे बसतच नाही. डिस्कची इमेज फाइल तयार होतानाच एरर येते आणि डिस्कला तर अजून हातही लागलेला नसतो.

भारनियमनाच्या दिवसांत यूपीएसशिवाय राईट करणं म्हणजे जुगार होता. यूपीएस असला तरी वीज जायची वेळ बघूनच डिस्क घालावी असं माझं मत. नाव लिहायला बॉलपेन नको, सीडीला तर मुळीच नको: तिचा चकाकता थर वरच्या लॅकरच्या लगेच खाली असतो, तर डीव्हीडीचा दोन चकत्यांच्या मध्ये. मऊ टोकाचा मार्कर घ्या. स्टिकर चिकटवू नका, वेगात फिरताना डिस्कचा तोल जातो.

आणि 'व्हेरिफाय'वरची खूण काढू नका. वेळ वाढतो, वाढू द्या. नंतर तीच डिस्क दुसऱ्या मशीनवर लावून शेवटची फाइल उघडून बघा, कारण पहिली फाइल नेहमीच उघडते. तोवर टेप पुसायची नाही आणि हार्ड डिस्कवरचं मूळही हलवायचं नाही, जागा कितीही कमी पडत असली तरी.