मुका स्कॅनर

अंबा नदीच्या काठी वसलेल्या नागोठण्यात गणपतीच्या आदल्या दिवशी दुकाने गजबजून जातात. अशा वेळी बारकोड वाचणारा हातातील स्कॅनर मुका झाला, तर दुकानदाराची तारांबळ उडते. तरी घाबरून यंत्र उघडू नये. प्रथम त्याचा दिवा पाहावा.

यूएसबी ही जोडणी १९९६ साली प्रचारात आली. तिच्या साध्या केबलीत चार तारा असतात. दोन तारा पाच व्होल्टची वीज पुरवितात. उरलेल्या दोन माहिती वाहून नेतात. दिवा लागतो, पण संगणकावर आकडा उमटत नाही, याचा अर्थ वीज पोहोचते, माहिती अडते. मोबाइल चार्ज करण्याच्या काही केबलींत तर माहितीच्या तारा मुळीच नसतात! म्हणून आधी केबल बदलून पाहावी. याहून स्वस्त उपाय नाही.

दिवाच लागत नसेल, तर केबल संगणकाच्या दुसऱ्या खाचेत बसवावी. कोकणातील दमट हवेने खाचेतील धातूवर गंजही चढतो. एकाच हबला अनेक उपकरणे जोडली असता वीज अपुरी पडते.

बहुतेक बारकोड स्कॅनर संगणकाला आपली ओळख कळफलक म्हणूनच करून देतात. तेव्हा नोटपॅडचे कोरे पान उघडून एखाद्या नव्या भारतीय पुस्तकाच्या मलपृष्ठावरील बारकोड वाचावा. ९७८ ने आरंभ होणारे तेरा आकडे उमटले, तर जोडणी निर्दोष आहे. दोष बिले करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शोधावा.