फोटो काढणारी कुठी आहे?

अवं, ये अशी, बस माझ्याजवळ. आई आत निजलीय, बाबा वावरात गेलेत, तोवर बोलून घेऊ. शनिवारी मैत्रिणींसोबत नरनाळा, रविवारी घरच्यांसोबत वारीच्या मारुतीला रोडगे, आणि हाती नवा फोन. म्हणजे माझं ऐकायला तुला वेळ आजच आहे.

आधी सांग, बाबांना सांगितलंस का? सांगशील म्हणतेस, पण कधी? शुक्रवारी रात्री ताटावर बसल्यावर सांगशील आणि वर म्हणशील, बाकी सगळ्या चालल्यात. तसं करू नको. चार दिवस आधी, ते चहा पिऊन ओट्यावर बसले असताना जा. कोण कोण आहे, गाडी कुणाची, चालवणार कोण, परत किती वाजता, सगळं एका दमात सांग. एका मैत्रिणीच्या आईचा नंबर त्यांच्या फोनमध्ये टाकून दे. बाबांचा नकार बहुतेक वेळा सहलीला नसतो, अर्धवट माहितीला असतो. हे मला कळायला एक फटका खावा लागला. तो तुला कोणी सांगितला नसेल, तू तेव्हा पाळण्यात होतीस.

२००२ चा डिसेंबर. मी अकोटला कॉलेजात. आम्ही पाचजणींनी घरी सांगितलं, कॉलेजची सहल शेगावला चाललीय. गजानन महाराजांच्या दर्शनाला नाही म्हणणारं घर वऱ्हाडात सापडायचं नाही. आणि गेलो कुठं, तर चिखलदऱ्याला. सकाळच्या एसटीनं परतवाडा, तिथून जीप. मामेभावाचा केबी टेन कॅमेरा मागून आणलेला, त्यात छत्तीस फोटोंचा रोल. भीमकुंड झालं, देवी पॉइंट झाला, धुक्यात एकमेकींच्या ओढण्या धरून उभं राहणं झालं. छत्तीसचे सदतीस निघाले म्हणून कोण आनंद! रात्री उशिरा घरी. जाताना शेगावची कचोरी म्हणून अकोटातूनच कचोऱ्या बांधून नेल्या, इतकी तयारी.

रोल धुवायला अकोटच्या एका स्टुडिओत टाकला. आठ दिवसांनी बाबा कापसाच्या कामानं अकोटला गेले. स्टुडिओवाल्यानं काकाच्या लग्नाचे फोटो काढले होते, त्यामुळं ओळख. त्यानं रस्त्यावरून हाक मारली, भाऊ, पोरीचे फोटो तयार आहेत, घेऊन जा. बाबांनी पैसे दिले, पाकीट पिशवीत टाकलं, घरी आले, पाय धुतले, जेवले. मग चटईवर एकेक फोटो मांडत गेले, पत्ते मांडावे तसे. सदतीस. मी भिंतीला टेकून उभी. शेवटचा फोटो ठेवला आणि म्हणाले, "शेगावात इतके डोंगर कधी आले वं?"

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, "जीप दरीत गेली असती, तर मी तुले शेगावात हुडकत बसलो असतो." ते वाक्य मला अजून कधी कधी रात्री ऐकू येतं.

आणि गोष्ट तिथं संपली नाही. त्या सदतीस फोटोंत आम्ही पाचही जणी होतो. एका पाकिटापायी पाचही जणींनी घरची बोलणी खाल्ली. एकीचं कॉलेज बंद व्हायची वेळ आली, तिच्या मामानं रदबदली केली म्हणून ती बीए झाली. तेव्हा फोटोला घरी पोचायला आठ दिवस लागले. आता गडावर असतानाच पोचतो. म्हणून नरनाळ्याला पोचल्या पोचल्या स्टेटस ठेवायच्या आधी सोबतच्या चौघींना विचार, ठेवू का? एखादी हसून म्हणेल, ठेव नं, पण तिचे डोळे बघ. जिच्या घरी माहीत नाही, ती कधी तोंडानं नाही म्हणत नाही. तिला वगळून ठेव. आणि तिनं खोटं सांगितलंय हे कळलं तर तिला घेऊन जायचं की नाही, हे तुझं तू ठरव. मी नसतं नेलं. कडक वाटेल तुला, वाटू दे.

आता नरनाळा. पायथ्याला शहानूर, तिथं वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी लागते, कारण किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे. तिथून वर जाताना खिडकीतून चिप्सच्या पुड्या फेकणाऱ्या टोळीत तू नसशील असं मी धरून चालते. वानरांना खायला देऊन फोटो काढायचा मोह आवर. आज तू देशील, उद्या ते दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या हातातली पिशवी ओढतील.

वर महाकाली दरवाजा आहे. १४८७ सालचा, फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क यानं बांधलेला. वऱ्हाडच्या इमादशाहीचा मूळपुरुष तोच. दगडात कमळं कोरलीत, कमानीवर लेखाची ओळ, दोन्ही बाजूंना सज्जे. पण हे बघायचं तर थांबावं लागतं. मी गेल्या वर्षी माझ्या पोरांना घेऊन गेले होते. समोर एक घोळका आला, दरवाज्याला पाठ करून उभा राहिला, वीस-पंचवीस सेल्फी काढले आणि निघून गेला. मागं वळून बघितलं नाही एकानंही! पाच शतकांवर उभ्या असलेल्या दाराला पडदा करून टाकलं. तू असं कर, आधी पाच मिनिटं फोन पिशवीतच राहू दे. कमळांवर हात फिरव, दगड सकाळी किती गार असतो ते बघ. मग काढ, पोटभर काढ. सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर तिरपं ऊन असतं, तेव्हा कोरीव काम उठून दिसतं. भर दुपारी माणसांचे डोळे खोबणीत जातात, सगळ्याजणी आजारी दिसतात.

आणखी एक, हळूच सांगते. अकोट सोडायच्या आधी बाथरूमला जाऊनच घे. वर सोय मिळेल न मिळेल, आणि जाणं टळावं म्हणून पाणीच न पिणाऱ्या पोरी मी पाहिल्यात. संध्याकाळी डोकं धरून बसतात. पाळीची तारीख जवळ असेल तरी जा, जास्तीचे पॅड घे, वापरलेलं बांधून आणायला जाड कागद घे. रविवारचं मात्र तुझ्या मनात काय चाललंय ते मला दिसतंय. देवळात जायचं म्हणून मेडिकलवाल्याकडून पाळी पुढं ढकलायची गोळी आणायची, हेच नं? आपल्याकडं बायका ती खोकल्याच्या गोळीसारखी घेतात. सगळ्यांना ती चालत नाही. घ्यायचीच झाली तर डॉक्टरला विचारून घे. नाहीतर मला सांग, आपण दोघी झाडाखाली बसून कांदे चिरू. मारुतीराया रागावत नाही, मी विचारून ठेवलंय.

हसू नको.

परत फोटोंकडं येते, जुन्या रेल्वेगाडीची एक गोष्ट सांगते. आपल्या हिवरखेडच्या स्टेशनवरून मीटरगेज जायची, अकोल्याहून खंडव्याकडं आणि पुढं महूपर्यंत. आजी, आई, बाबा, मी, काकाची दोन पोरं, आम्ही तिच्यानं ओंकारेश्वरला गेलो होतो. वान रोड स्टेशन गेलं की जंगल सुरू. धुळघाटापाशी रूळ डोंगराला गोल वळसा घालून स्वतःच्याच डोक्यावरून जायचा, लोक त्याला चारचा आकडा म्हणत. अख्खा डबा एका बाजूच्या खिडक्यांना लोंबकळायचा. आजी म्हणाली, "बाप्पा, गाडी आपलंच शेपूट पाहून राहिली." कॅमेरा माझ्या मांडीवर होता. मी एकही फोटो काढला नाही. रोल नर्मदेसाठी राखून ठेवला होता नं! नर्मदेचे बारा फोटो आहेत माझ्याकडं, बाराही कुणाच्याही असू शकतील असे. पाणी, घाट, पाणी.

१ जानेवारी २०१७ ला ती गाडी बंद झाली. अकोल्याहून अकोटपर्यंत मोठी लाइन २०२२ च्या अखेरीस सुरू झाली, पुढची वाट वाघांचं जंगल टाळून बाहेरून न्यायचं ठरलं. धुळघाटाच्या त्या वळणावरून आता कोणी जाणार नाही. आजीही नाही. खिडकीच्या गजाला गाल लावून बसलेली आजी माझ्या डोक्यात आहे, कागदावर नाही. म्हणून तुला म्हणते, मुक्कामाच्या जागेसाठी फोटो राखून ठेवू नको. वाटेतले काढ. चुरगळलेली तिकिटं, डब्यातला शेंगदाण्याचा ठेचा, एसटीत तोंड उघडं टाकून झोपलेले काका. पुढं तेच बघावंसं वाटतं.

रविवारी वारीला जाऊ तेव्हा हेच. तुला तिथला कार्यक्रम ठाऊक आहे. वान नदी सातपुड्यातून बाहेर पडते तिथं मारुतीचं देऊळ, वर हनुमान सागर धरण, आणि झाडांखाली नवसाच्या रोडग्यांचा धूर. आपल्या घरच्या वारीच्या फोटोंची पिशवी मी परवा काढली होती. वीस वर्षांतल्या सहली आहेत तिच्यात. पुरुष पत्ते खेळतायत, पोरं पाण्यात, काका पोटावर हात ठेवून. पंगतीचे तर कितीतरी. आई किती फोटोंत असेल? दोन. एकात पाठमोरी, एकात तिचा नुसता हात, ताटात वरण वाढताना.

कारण आई तेव्हा रोडग्यांजवळ असते. जाडसर कणकेच्या तीन-चार पुऱ्या लाटायच्या, मध्ये तेलाचं बोट फिरवत एकावर एक ठेवायच्या, गोळा बांधायचा, पेटून राख धरलेल्या गोवऱ्यांत खुपसायचा. मग काठीनं एकेक पलटायचा, एक बाजू करपली की सगळी मेहनत पाण्यात. फडक्यात घेऊन राख झटकायची, मुठीनं दाबून फोडायचा, की आतून वाफ येते आणि पदर सुटतात. त्यात तूप. एवढं सगळं करणारी बाई धुराच्या पलीकडं असते आणि आपण कॅमेरा नदीकडं करून उभे. फोटो काढायला गेलं की ती म्हणणार, "माहा फोटो काहाले काढतं? साडी पाय कशी झाली." पदर सावरायला तिला वेळ देऊ नको. तिनं फडकं झटकलं, की त्याच क्षणी काढ. मग दाखव तिला. आधी रागावेल, संध्याकाळी हळूच म्हणेल, तो मले पाठव.

होमाई व्यारावाला यांचं नाव ऐकलंस का? देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे छापून आलेले फोटो बायकांच्या एका सहलीचे होते, आहे की नाही गंमत! आणि सुरुवातीचे फोटो छापले जायचे नवऱ्याच्या नावानं, कारण बाईचं नाव कोण ओळखणार. पुढं २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाला त्यांना. सहलीचा फोटो ही काही फालतू गोष्ट नाही, एवढंच म्हणायचंय मला. काढणाऱ्या बाईचं नावही फालतू नाही.

वारीच्या डोहाचं मात्र निक्षून सांगते. मामा-भाचा डोहाच्या काठावर फोटोसाठी कुणालाही मागं सरक म्हणायचं नाही. तिथं दरवर्षीच्या बातम्या तू वाचतेस. पाणी वरून शांत दिसतं, खाली खडकात कपारी आहेत, काठाला शेवाळ. पोहता येणारेही गेलेत तिथं. धरणातून पाणी सोडलं तर नदी बघता बघता चढते. तुझे भाचे पाण्याजवळ असतील तेव्हा तुझ्या हाती फोन नको, त्यांची मनगटं हवीत. ते फोटो माझ्या वाट्याचे, मी झाडाखालून काढीन.

आणि घरी आल्यावर वीस निवड, बाकीचे पुसून टाक. पुसायला जीव होत नाही, माहीत आहे, पण एकाच हसण्याचे चौदा फोटो कुणी बघत नाही. वीसातले पाच कागदावर काढून आण. माझा मागचा फोन विहिरीत पडला तेव्हा धाकट्याचं पहिलं चालणं त्याच्यासोबत गेलं. बाबांनी मात्र ते चिखलदऱ्याचं पाकीट अजून लोखंडी कपाटात ठेवलंय, पासबुकांच्या खाली. मला मागं सापडलं. मी परत तसंच ठेवून दिलं. बघायचं असेल तर बाबा नसताना दाखवीन. तिसऱ्या फोटोत माझी वेणी बघ, पार कमरेखाली.

तर रविवारचं ठरलं. वांगी आणि तेल मी आणते, कांदे-लसूण तू सोलून ठेव, गोवऱ्या काकूंना सांगून ठेवल्यात. आणि ऐक, पिशवीतल्या त्या सगळ्या फोटोंत मीही नाही, कॅमेरा माझ्याच हाती असायचा. तेव्हा यंदा माझे चार तरी काढ. डावीकडून काढजो, उजव्या बाजूचा दात अजून बसवायचाय. उठ आता, आईची हाक आली.