आतड्याचे आरोग्य आणि छिन्नमनस्कता

छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनिया. हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ साली दिले. कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणे, विनाकारण संशय, असंबद्ध बोलणे, माणसांपासून तुटत जाणे ही या आजाराची प्रमुख लक्षणे. आजही कित्येक घरांत अशा रुग्णाला ‘बाहेरची बाधा’ म्हणून देवऋषीकडे नेतात. कार्यकारणभाव शिकविणाऱ्या धम्माच्या उपासकांना हे शोभत नाही. आजाराचे कारण शरीरातच शोधले पाहिजे. या शोधात शास्त्रज्ञांचे लक्ष आता पोटाकडेही गेले आहे.

आपल्या आतड्यात अब्जावधी सूक्ष्म जंतू राहतात. मज्जातंतू, रक्तातील रसायने आणि रोगप्रतिकारशक्ती यांच्याद्वारे आतडे व मेंदू यांचा परस्परांशी सतत संबंध असतो. अमेरिकन डॉक्टर डोहान यांनी १९६६ साली गव्हासारखी धान्ये आणि हा आजार यांचा संबंध असावा, असा तर्क मांडला. परंतु पुढील चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. २०१९ साली चिनी संशोधकांनी रुग्णांच्या आतड्यातील जंतू जंतुविरहित उंदरांच्या पोटात सोडले, तेव्हा उंदरांचे वागणे आणि मेंदूतील रसायने बदललेली आढळली.

मग पोट सुधारले की आजार बरा होतो काय? तसे सिद्ध झालेले नाही. २०१४ साली अमेरिकेत ६५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींना १४ आठवडे उपयुक्त जंतूंच्या गोळ्या दिल्या. मानसिक लक्षणांत विशेष फरक पडला नाही. शौचाच्या तक्रारी मात्र कमी झाल्या. म्हणून ताक, दही, भाजीपाला, कडधान्ये जरूर द्यावीत. पण त्यांच्या भरवशावर डॉक्टरांचे औषध बंद करू नये.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. या आजारावरील काही औषधांनी, विशेषतः क्लोझापिनने, आतड्याची हालचाल मंदावते. बद्धकोष्ठ वाढून आतडे अडल्यास प्राणावर बेतू शकते. रुग्ण स्वतः सांगेलच असे नाही. म्हणून घरच्यांनी रोज विचारावे. शौचास होत नसेल तर डॉक्टरांना कळवावे. त्यासोबत पोट फुगणे, तीव्र दुखणे किंवा उलट्या असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

असे विचारण्यात संकोच कशाला? पोटाच्या विकाराने आपल्याच मलमूत्रात पडलेल्या, कोणी विचारत नसलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुऊन स्वच्छ केले, ही कथा विनयपिटकाच्या महावग्गात आहे. भिक्खूंनी एकमेकांची शुश्रूषा करावी, हा बोध त्यांनी त्याच वेळी दिला. मनोरुग्णाची शुश्रूषा हेही धम्माचरणच होय.

आपल्या विद्यार्थ्यांनी एवढे तरी करावे: वस्तीत असा रुग्ण दिसल्यास त्याच्या कुटुंबाला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचा रस्ता दाखवावा. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही विहाराच्या फलकावर लिहून ठेवावा.