खतातील आम्ल आणि मातीतील चुना

उस्मानपुऱ्यात राहून विद्या संपादन करणाऱ्या पुष्कळ मुलांचे आजोळ मराठवाड्यातील खेड्यांत आहे. युरियाची गोणी त्यांनी पाहिलेली असतेच. वर्षानुवर्षे हे खत घातल्याने जमीन आंबट होते काय, या प्रश्नाचा येथे विचार करू.

युरिया ओल्या मातीत विरघळला म्हणजे त्याचा प्रथम अमोनिया होतो. पुढे सूक्ष्म जंतू त्याचे नायट्रेट बनवितात व या क्रियेत आम्ल उत्पन्न होते. पिकाने नायट्रेट शोषिले तर बरेचसे आम्ल मारले जाते; पण ते पावसाबरोबर खाली झिरपून गेले तर आम्ल मागे उरते. अमोनियम सल्फेट याहून तीव्र आहे. त्याच्या 100 किलोंचे आम्ल मारण्यास सुमारे 110 किलो शुद्ध चुनखडी लागते.

इंग्लंडात रॉथमस्टेड येथे 1856 साली एका कुरणावर प्रयोग सुरू झाला. ज्या वाफ्यांना दरवर्षी अमोनियम सल्फेट मिळाले, पण चुना मिळाला नाही, त्यांचा सामू 4 च्याही खाली उतरला व तेथे गवताच्या मोजक्याच जाती टिकल्या. उदासीन मातीचा सामू 7 असतो. तो एक अंकाने उतरला की आम्लता दसपट होते, हे ध्यानी घ्यावे. आपल्या देशात रांचीच्या तांबड्या, मुळातच आम्ल जमिनीतही केवळ नत्र घातलेल्या वाफ्यांचे उत्पन्न घटले. चुना व शेणखत यांनी ते सावरले.

मग आपल्या काळ्या जमिनीचे काय? ही बहुधा अल्कधर्मी असून तिच्यात चुनखडीचे खडे आढळतात. अशा खड्यावर शिरक्याचे थेंब टाकावेत; बुडबुडे येतील. खताचे आम्लही असेच चुन्याशी झुंजून नाहीसे होते. म्हणून रांचीचा उपाय पाहून येथे चुना टाकणे व्यर्थ होय. आपला तोटा निराळाच आहे: उघड्यावर फेकलेल्या युरियाचा अमोनिया अशा जमिनीतून हवेत उडून जातो. तो मातीआड करावा.

कोकणातील जांभ्या मातीत मात्र अतिवृष्टीने चुना आधीच धुऊन गेलेला असतो. तेथे आम्लतेचे भय खरे आहे.

तात्पर्य, खत तेच, पण भूमीपरत्वे परिणाम भिन्न. विद्यार्थ्यांनी सुटीत घरी जाऊन वडील मंडळींस माती तपासून घेण्याची विनंती करावी व शेणखताचा विसर पडू देऊ नये. भूमी ही आपणांस सांभाळण्यास मिळालेली ठेव आहे. तिचा स्वभाव जाणल्यावाचून तिची सेवा घडत नाही.