रोप हिरवे दिसते, पण मुळाचे काय?

मृगाचा पाऊस पडला की आपल्या मसाट परिसरात भाताचे रोप हाच घरोघरी विषय असतो. रविवारी चर्चबाहेर आम्हांला हमखास विचारले जाते, "फादर, रोप पिवळे पडले, युरिया किती टाकू?" आम्ही उलट विचारतो, "एक रोप उपटून मूळ पाहिलेत का?" बहुतेकांनी पाहिलेले नसते. एके काळी आम्हीही पाहिले नव्हते.

काही वर्षांपूर्वी आवारामागच्या तुकड्यात आम्ही भात टाकले. घाई होती, म्हणून सपाट जमिनीवरच बी फेकले. मग चार दिवस पावसाने उसंत दिली नाही, पाणी तुंबले आणि रोप पिवळे पडले. आम्ही युरिया मुठीमुठीने फेकला. आठवड्यात रोप असे गर्द हिरवे झाले की येणारेजाणारे कौतुक करीत. उपटायला बसलो तेव्हा मुळे बोटभरही नव्हती. होती तीही तपकिरी. लावणीनंतर बरेचसे रोप बसलेच नाही, कुजून गेले. शेजारच्या एका आजीने उंच गादीवाफ्यावर टाकलेले रोप आमच्यापेक्षा ठेंगणे होते. त्याची मुळे मात्र पांढरीशुभ्र आणि दाट होती, आणि तिचे शेत आमच्याआधी फुटव्यांनी भरले.

असे का होते ते समजून घेऊ. भाताचा दाणा म्हणजे कोवळ्या रोपाची शिदोरी. साधारण तिसरे पान येईपर्यंत रोप त्या दाण्यातल्या अन्नावरच जगते. त्या दिवसांत त्याला जमिनीकडून हवे असते ते मुख्यतः मूळ पसरायला भुसभुशीत, ओलसर आणि हवेशीर अशी जागा. भात पाण्यात वाढते हे खरे, कारण त्याच्या मुळांत हवेच्या बारीक पोकळ्या तयार होतात व पानांकडून हवा खाली उतरते. पण कोवळ्या रोपाला ही सोय पुरेशी नसते. आपल्याकडे पावसाळ्यात दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेव्हा वाफा एक ते सव्वा मीटर रुंद आणि वीतभर नाही तरी चार बोटे उंच असावा, व दोन्ही बाजूंनी पाणी वाहून जाण्यास चर असावा.

पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे. तरंगणारे पोचट बी काढून टाकावे. त्याच्या शिदोरीत काहीच नसते. तळाचे बी दोनतीनदा धुऊन सावलीत वाळवावे.

एका गुंठ्याच्या रोपवाटिकेला चांगले कुजलेले शेणखत २५० किलो, युरिया १ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट ३ किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश सुमारे ८०० ग्रॅम, हे वाफा करतानाच मातीत मिसळावे. यांतले सुपर फॉस्फेट आपण नेहमी विसरतो, कारण त्याने पान हिरवे होत नाही. पण स्फुरदाशिवाय मूळ वाढत नाही, आणि ते जमिनीत जागचे हलत नाही. वरून फेकले तर मुळापर्यंत पोहोचणे कठीण. तांबड्या जमिनीत तर लोह त्याला धरून ठेवते. युरियाचा दुसरा किलो पंधरा दिवसांनी, निंदणी झाल्यावर द्यावा. मधल्या काळात पिवळेपणा दिसला तर आधी चर पाहावा.

आता राबाविषयी. आपले वाडवडील शेण, पालापाचोळा, फांद्या जाळून त्या जागी रोप टाकीत. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. राबाने तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते, माती भुसभुशीत होते. परंतु नत्र धुरात जाते, झाडे बोडकी होतात आणि शेतात जायला हवे ते शेण जळून जाते. कोकणातील कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीचे पहिले सूत्र यावर चांगला उपाय सांगते. भाताच्या तुसाची काळी राख दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो वाफ्याच्या वरच्या थरात मिसळावी. हिच्यातील सिलिका रोपाला ताठ करते. राख काळीच हवी, पूर्ण जळून पांढरी झालेली नको. तूस गिरणीत मिळते. राख आणि युरिया एकाच टोपलीत कालवू नका. नत्र वाफ होऊन उडते.

आणखी एक अडचण पुस्तकात नसते. आपल्या घरचे तरुण मसाटच्या कारखान्यांत पाळीवर जातात. लावणीला माणूस मिळत नाही, रोप वाफ्यात थांबते, चाळीस दिवसांचे होते, आणि ते हिरवे ठेवण्यासाठी पुन्हा युरिया! असे म्हातारे रोप फुटवे कमी देते. हळव्या व निमगरव्या वाणांचे रोप २१ ते २५ दिवसांत लावले पाहिजे. म्हणून घरातल्या सुट्ट्या मोजून रोप दोन हप्त्यांत, आठदहा दिवसांच्या अंतराने टाकावे. ज्या घरांनी हे केले त्यांची धावपळ कमी झालेली आम्ही पाहिली आहे.

उपटण्याच्या आदल्या संध्याकाळी वाफा भरपूर भिजवावा. थोडीथोडी रोपे बुंध्याशी धरून काढावीत. मुळांची माती झाडण्यासाठी पेंढी पायावर आपटण्याची आपल्याकडे सवय आहे; तीत महिनाभर कमावलेली निम्मी मुळे तुटतात. पेंढी पाण्यात हलकेच खळबळावी. लावणी उथळ, दोनतीन सेंटिमीटर खोल करावी. खोल गाडलेले रोप फुटवे उशिरा काढते.

लावणीनंतर आठवड्याने एखादा चूड हलकेच उपटून पाहा. बुंध्याशी नवी पांढरी मुळे दिसत नसतील, तर खाचरातले पाणी काढून दोन दिवस जमीन उघडी ठेवा. तोवर युरियाची गोणी घरातच असू द्या.