किडनीचा आजार आहे? मग हृदयही तपासा



किडनी बिघडली म्हणजे पुढे डायलिसिस, एवढेच आपल्या वस्तीत बोलले जाते. पण किडनीच्या जुनाट आजाराचे अनेक रुग्ण डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकाराने दगावतात. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

किडनी कमजोर झाली की अंगात मीठ-पाणी साठते, रक्तदाब वाढतो, रक्त कमी होते आणि रक्तवाहिन्या कडक होतात. हा सगळा ताण हृदयावर येतो.

धोका कसा ओळखावा?

बीपी आणि साखर मोजाच. त्याबरोबर दोन तपासण्या करा. पहिली रक्तातील क्रिएटिनिनची. त्यावरून डॉक्टर ईजीएफआर काढतात. दुसरी लघवीतील अल्ब्युमिनची. ईजीएफआर ६० पेक्षा कमी, किंवा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण ३० किंवा जास्त, असे तीन महिन्यांनंतरही आले, तर किडनीचा जुनाट आजार समजतात आणि हृदयाचा धोकाही वाढलेला असतो. केवळ क्रिएटिनिन नॉर्मल आले म्हणून निर्धास्त राहू नका. सुरुवातीला ते नॉर्मलच दिसू शकते.

हृदयाचा धोका मोजण्याच्या जुन्या तक्त्यांत वय, बीपी, कोलेस्ट्रॉल, मधुमेह, तंबाखू एवढेच धरत. किडनी धरत नसत. त्यामुळे किडनीच्या रुग्णाचा धोका कमी दिसे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये काढलेल्या नव्या पद्धतीत ईजीएफआरही धरला आहे. म्हणून डॉक्टरांना किडनीचा रिपोर्ट दाखवून विचारा, "माझ्या हृदयाला किती धोका आहे? कोलेस्ट्रॉलची गोळी लागेल का?" पन्नाशीपुढच्या किडनी रुग्णांना ही गोळी बहुधा सुचवली जाते.

ईसीजी चांगला आला, छातीत कळ नाही, म्हणजे धोका टळला असे नाही. चालताना दम लागणे, पायांना सूज, रात्री झोपेत गुदमरणे ही लक्षणे दिसली तर लगेच दवाखाना गाठा.

आपण काय करावे?

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी धाराशिव सोडण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. अंगदुखीच्या गोळ्या मनाने खाऊ नयेत. त्या किडनीला मारक ठरतात. दिवसभराचे मीठ एका चमच्याच्या आत ठेवा. लोणचे, पापड कमी करा. तंबाखू, मिसरी, बिडी सोडा. बीपीची गोळी बंद करू नका.

तिशी ओलांडलेल्यांची बीपी व साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. डायलिसिस लागलेच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मदत मिळते.

बाबासाहेबांनी मधुमेहाशी झुंजत समाजासाठी काम केले. आपल्याला आज तपासणीची सोय आहे, ती वापरूया. पुढच्या रविवारी विहारात वंदनेला येताना घरातल्या ज्येष्ठांचे रिपोर्ट सोबत आणा, एकमेकांना वाचून दाखवा.

नमो बुद्धाय!