कुत्र्याने भूछत्र खाल्लं तर वाट पाहू नका

पावसाळ्यात कुत्र्याला घेऊन राजमाचीकडे निघताना आपण जळवा, गोचिडी, निसरडी वाट यांचा विचार करतो. भूछत्रांचा करत नाही. कुत्रा मात्र कुजक्या ओंडक्यापाशी, शेणापाशी हुंगत थांबतो आणि आपण हाक मारेपर्यंत एखादं गिळून मोकळा होतो. काही विषारी जातींना माशासारखा वास येतो, त्याकडे तर तो ओढलाच जातो.

मस्करीन हे विष असलेली जात पोटात गेली, तर बहुधा दोन तासांच्या आत लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, लघवी-जुलाब आवरत नाहीत. हे पाहून कुणीही धावपळ करतो, आणि त्यावर अ‍ॅट्रोपिनचा उताराही आहे.

मला खरी भीती वाटते ती अ‍ॅमाटॉक्सिन या विषाची. शनिवारी दुपारी खाल्लेलं रात्रीपर्यंत काहीच दाखवत नाही. सहा ते चोवीस तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, मग ते थांबतात. रविवारी संध्याकाळी कुत्रा शेपूट हलवतो, थोडं खातोही. घरचे निर्धास्त होतात. आत यकृत मरत असतं. सोमवार-मंगळवारी हिरड्या, डोळे पिवळे दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

म्हणून खाताना दिसला की लक्षणांची वाट न पाहता तोंडातलं उरलेलं काढा, डॉक्टरांना फोन लावा आणि ट्रेक तिथेच सोडा. राजमाचीहून लोणावळा सुमारे १५ किलोमीटर आहे, तिथवर पोहोचायचा वेळ आधीच हिशेबात धरा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्याने वेगळीच विषबाधा होते. दूध, तूप, हळद यांतलं काहीही उतारा नाही. उरलेलं भूछत्र देठाच्या बुडासकट उपटून कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये ते लवकर सडतं. वरून, खालच्या पडद्यांचा आणि उगवल्या जागेचा फोटो घ्या.

गावातल्या मावशी वारुळावरची अळंबी अचूक ओळखून आणतात, पण त्यांना मोबाइलवर फोटो दाखवून ‘खाण्यातली दिसते’ एवढ्यावर निभावून नेऊ नका. ओळख पटली नसेल तर विषारीच समजा.

वाटेवर आखूड पट्टा ठेवा. ‘सोड’ म्हटल्यावर तोंडातलं टाकायची सवय घरीच लावा. हावऱ्या कुत्र्याला धापता आणि पाणी पिता येईल असं जाळीचं मुसकं चांगलं. मुक्कामाच्या जागेभोवती आधी स्वतः फेरी मारा, कारण भूछत्रं रातोरात उगवतात. सकाळी कुत्रा सोडण्याआधी पुन्हा एकदा फेरी मारा.

एवढं करूनही कुत्र्याने भूछत्र खाल्लंच, तर डॉक्टरांकडे यकृताची रक्ततपासणी पहिल्यांदा चांगली आली तरी पुढचे दोन-तीन दिवस ती पुन्हा करून घ्या.